होडोरला कुणी विचारलं होतं?

२३ मे २०१६, सोमवार. पुण्यात आमच्या हॉस्टेलच्या खोलीत आम्ही सात जण एका लॅपटॉपसमोर दाटीवाटीनं बसलो होतो. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा सहावा सीझन चालू होता. अमेरिकेत रविवारी रात्री लागणारा भाग आपल्याकडं सोमवारी सकाळी यायचा आणि पेनड्राइव्हवरून फिरत फिरत आमच्या खोलीत रात्री पोचायचा. त्या रात्रीचा भाग होता पाचवा, 'द डोअर'. बुधवारी पेपर होता, तरी कुणी पुस्तक उघडलेलं नव्हतं.

एरवी भाग संपला की आरडाओरडा व्हायचा. त्या रात्री कुणी बोलेना. मग एक जण म्हणाला, "त्या म्हाताऱ्या मार्टिनला धरून हाणला पाहिजे." सगळे हसले. मीही हसलो, आणि गॅलरीत जाऊन दादाला फोन लावला. का लावला ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं.

दादा तेव्हा चारा छावणीत होता. दोन बैल आणि एक म्हैस घेऊन दोन महिने तिथंच मुक्काम. आमचं गाव कळंब तालुक्यात. मांजरा धरण आमच्यापासून फार लांब नाही, आणि त्या वर्षी ते कोरडं पडलं होतं. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती.

"काय करायलास?" मी विचारलं.

"काय न्हाई. बसलोय. म्हशीला पाणी दावलं आत्ता. टँकर लई उशिरा आला."

"झोपला नाहीस?"

"डासं झोपू देतेत व्हय! तुझा पेपर कधीय?"

"परवा."

"मग फोन कशाला करायलास? जा, अभ्यास कर. इकडचं मी बघतो."

"इकडचं मी बघतो." हे वाक्य मी त्याआधी शंभर वेळा ऐकलं असेल. त्या रात्री ते ऐकून मला कसंतरी झालं. का झालं, हे सांगायला आधी होडोरची गोष्ट सांगावी लागेल. मालिका बघायची राहिली असेल आणि शेवट कळायला नको असेल, तर इथंच थांबा.

*

ब्रॅन स्टार्क हा सरदाराचा मुलगा. पहिल्याच भागात त्याला बुरुजावरून ढकलून देतात आणि त्याचे पाय कायमचे जातात. तिथून पुढं त्याला पाठीवर घेऊन फिरतो होडोर. धिप्पाड, घोड्यांच्या पागेत काम करणारा, मनानं लेकरासारखा. त्याला एकच शब्द बोलता येतो, 'होडोर'. आनंद झाला तरी होडोर, भीती वाटली तरी होडोर. आम्ही सहा सीझन त्याची नक्कल करून हसत होतो. हॉस्टेलमध्ये मेसच्या पोऱ्याला सगळे होडोर म्हणायचे. आज ते आठवलं की लाज वाटते.

ब्रॅनकडं दोन शक्ती आहेत. त्याला भूतकाळ बघता येतो आणि दुसऱ्याच्या मनात शिरता येतं. त्या भागात तो बर्फाळ प्रदेशातल्या एका गुहेत बसून जुना काळ बघत असतो. त्या काळात होडोर हा विलिस नावाचा साधा, बोलका मुलगा आहे. इकडं वर्तमानात गुहेवर मेलेल्यांची फौज चालून येते. ब्रॅनची सोबतीण मीरा त्याला ओढत बाहेर नेते. मागचं दार कुणीतरी दाबून धरलं तरच ती दोघं वाचणार असतात. ती होडोरला ओरडून सांगते, "होल्ड द डोअर", म्हणजे दार धर. ब्रॅन अजून भूतकाळातच आहे आणि तिथून तो होडोरच्या मनात शिरतो. दोन काळ एकमेकांत अडकतात. भूतकाळातला विलिस अचानक जमिनीवर कोसळतो, झटके येतात, आणि तो तेच वाक्य बरळत राहतो. बरळता बरळता अक्षरं गळत जातात आणि उरतो एक शब्द, होडोर. इकडं मोठा होडोर दार धरून उभा असतो आणि मेलेल्यांचे हात त्याला फाडत असतात.

म्हणजे त्या मुलाचं बोलणं, त्याची अक्कल, त्याचं पुढचं सगळं आयुष्य एका क्षणासाठी आधीच खर्ची पडलेलं होतं. आणि तो क्षण त्याच्या कामाचा नव्हता. ब्रॅनच्या कामाचा होता.

मालिकेचे कर्ते डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाईस यांनी त्यानंतर सांगितलं की होडोरच्या नावामागचं हे रहस्य मूळ लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनीच त्यांना सांगितलं होतं. मार्टिनचं पहिलं पुस्तक १९९६ सालचं, आणि त्यात होडोर आहे. नावाचा अर्थ प्रेक्षकांना कळला २०१६ मध्ये. माझा जन्म १९९७ चा. माझ्या जन्माआधी छापलेल्या एका शब्दात कुणाचंतरी मरण लपलेलं होतं, हे कळल्यावर अंगावर काटा आला होता.

*

क्रूर लेखकाचा एक फायदा असतो. त्याच्यावर चिडता येतं. मार्टिनला हाणला पाहिजे असं म्हणता येतं, कारण मार्टिन आहे. त्याचा फोटो आहे, टोपी आहे, दाढी आहे. होडोरचं मरण कुणीतरी लिहिलं आणि लिहिणाऱ्याची सही पुस्तकावर आहे.

आमच्या घरात जे झालं त्यावर कुणाचीच सही नव्हती.

जुलै २०१५. मला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, लातूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. पावसानं दडी मारली होती, सोयाबीन उगवून वाळलं होतं, बोअर आटलं होतं आणि आप्पांची कंबर धरलेली. एके संध्याकाळी ओसरीवर सगळे बसलो होतो. आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दोघांचं झेपायचं न्हाई." आई म्हणाली, "बघू, काहीतरी हुईल." आज्जी म्हणाली, "ज्याच्या नशिबात जे असंल ते." आणि दादा म्हणाला, "त्याला जाऊ द्या. इकडचं मी बघतो."

पाच-सात मिनिटांत विषय संपला. मी तिथंच बसलो होतो. मी काही बोललो नाही.

पुढं कधी हा विषय निघाला की प्रत्येक जण वेगळं सांगायचा. आप्पा म्हणायचे, मी कुठं म्हणलो, त्यानंच सांगितलं. आई म्हणायची, पाऊसच पडला नाही, कुणाला काय बोलायचं. आज्जी सटवाईचं नाव घ्यायची. दादाला विचारलं तर तो म्हणायचा, आप्पाचं तोंड बघवत नव्हतं. गुहेतल्या त्या प्रसंगासारखंच हे. मीरा ओरडली, कारण फौज मागं लागली होती. ब्रॅन होडोरच्या मनात शिरला, कारण मीरा त्याला हाक मारत होती. विलिस कोसळला, कारण ब्रॅन बघत होता. प्रत्येकाच्या वागण्याला कारण आहे. एका माणसाचं आयुष्य मात्र गेलं, आणि ते कुणी घेतलं असं बोट दाखवायला गेलं तर बोट गोल फिरून परत पहिल्या जागी येतं.

नशीब हा शब्द आपण इथं वापरतो. मी बराच विचार केल्यावर मला असं वाटायला लागलंय की पुष्कळदा नशीब म्हणजे सही पुसलेला निर्णय. निर्णय होतो, त्याची किंमत कुणीतरी चुकवतं, आणि निर्णय घेणारे सगळे हात वर करून आभाळाकडं बघतात.

आमच्याकडं बाळाच्या पाचवीला सटवाई येते आणि कपाळावर लिहून जाते. त्या रात्री बाळाजवळ कोरा कागद आणि पेन ठेवतात. दादाच्या मुलीच्या पाचवीला मी घरी होतो. वहिनीच्या आईनं पाटावर माझंच एक जेल पेन ठेवलं होतं. ते बघताना माझ्या मनात आलं, देवी लिहिते हे खरं मानलं तरी पेन आपण पुरवतो. 'मराठवाड्याच्या पाचवीलाच दुष्काळ पुजलाय' हे वाक्य मी लहानपणापासून भाषणांत ऐकत आलोय. पण पाऊस कमी पडणाऱ्या खोऱ्यात ऊस किती लावायचा, कारखाने किती काढायचे, धरणातलं पाणी आधी कुणाला द्यायचं, हे सटवाई ठरवत नाही. ते बैठकांमध्ये ठरतं. बैठकीला हजर असणाऱ्यांची नावं इतिवृत्तात असतात.

*

मराठीत या सगळ्यासाठी शब्द मात्र नेमके आहेत. त्याग आपण 'करतो'. बलिदान 'देतो'. बळी 'जातो', नाहीतर दुसरा कुणी 'देतो'. पहिल्या दोन क्रियापदांत माणूस स्वतः कर्ता आहे. तिसऱ्यात त्याच्या हातात काही नाही. गंमत अशी की झालेल्या गोष्टीचं वर्णन करताना आपण सर्रास तिसऱ्याला पहिला शब्द लावतो. बळी गेलेल्या माणसानं त्याग केला असं म्हणतो. त्यानं त्याचा मान वाढतो आणि आपलं ओझं उतरतं.

आज्जी महाशिवरात्रीला शिवलीलामृत वाचायची. त्याच्या चौदाव्या अध्यायात श्रियाळ आणि चांगुणेची गोष्ट आहे. शंकर अतिथीच्या वेशात येतो आणि जेवणाला त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं, चिलयाचं, मांस मागतो. आईबाप मुलाला मारतात. आई त्याचं डोकं उखळात कांडते, आणि तेही डोळ्यांत पाणी न आणता. शेवटी देव प्रसन्न होतो, चिलया धावत येतो. आज्जी इथं दर वर्षी रडायची, आणि आम्ही पोरं सुटलो म्हणून खूश व्हायचो. चिलया त्या गोष्टीत मरायला तयार असतो, स्वतः होकार देतो. लहान असताना मला तो फार शूर वाटायचा. आता वाटतं, तो होकार मोठ्या माणसांनी सांगितलेल्या गोष्टीतला आहे. पाच-सहा वर्षांचं लेकरू आईबापाला आणि दारात उभ्या देवाला नाही कसं म्हणणार?

'गेम ऑफ थ्रोन्स'मध्येही असाच एक होकार आहे. स्टॅनिस नावाचा राजा सैन्यासकट बर्फात अडकतो. त्याच्या दरबारातली जोगीण सांगते की तुझ्या मुलीला, शिरीनला, अग्नीला दे म्हणजे वाट मोकळी होईल. तो मुलीजवळ जातो. बापाचा उतरलेला चेहरा बघून मुलगीच म्हणते की मला तुमच्या मदतीला यायचंय. कसली मदत ते तिला माहीत नसतं. थोड्या वेळात तिला चितेवर चढवतात. जून २०१५ मध्ये हा भाग लागला आणि जगभर लोक संतापले. या गोष्टीत कुणी परत येत नाही. बर्फ वितळतो, पण निम्मं सैन्य राजाला सोडून जातं, तिची आई गळफास घेते आणि राजा लढाई हरतो. श्रीधराच्या गोष्टीत देव मूल परत देतो म्हणून आईबापानं केलं ते योग्य ठरतं. मार्टिनच्या जगात मूल परत येत नाही, त्यामुळं केलेलं कृत्य जसं आहे तसं उघडं पडतं. मार्टिन क्रूर आहेच. पण या एका बाबतीत तो जास्त प्रामाणिक आहे असं मला वाटतं.

आणि बळीराजा? वामनानं तीन पावलं जमीन मागितली, बळी हो म्हणाला. पाऊल केवढं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी'त, १८७३ साली, ही गोष्ट उलटी करून वाचली आणि फसवल्या गेलेल्या न्यायी राजाच्या बाजूनं उभे राहिले. माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं. आम्ही लोकांसमोर 'मला अटी मान्य आहेत' असा चौकोन ठेवतो आणि तो टिचकवल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही. लोक न वाचता टिचकवतात. कायद्याच्या दृष्टीनं तो होकार असतो. खरं काय ते आम्हाला ठाऊक असतं. शिरीनचा होकार, बळीचा होकार आणि ओसरीवरचं "इकडचं मी बघतो" हे एकाच जातीचे होकार आहेत. ज्याच्यापुढं दुसरी वाटच ठेवलेली नाही, त्याच्या 'हो'ला किती वजन द्यायचं? होडोरला तर तेवढंही मिळालं नाही. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

*

मालिका संपली मे २०१९ मध्ये. शेवटच्या भागात राजा कोण व्हावा यावर चर्चा होते आणि टिरियन म्हणतो की ब्रॅनला करा, कारण त्याच्यासारखी गोष्ट दुसऱ्या कुणाचीच नाही. बुरुजावरून पडून वाचलेला, पाय गेल्यावर उडायला शिकलेला, अपंग असून भिंतीपलीकडं जाऊन आलेला मुलगा. सगळे मान डोलावतात. ब्रॅन राजा होतो.

पाय नसलेला मुलगा भिंतीपलीकडं गेला कुणाच्या पाठीवर? त्या अख्ख्या भाषणात होडोरचं नाव नाही. ब्रॅनसुद्धा ते घेत नाही.

त्याच उन्हाळ्यात माझं इंजिनिअरिंग संपलं. कॅम्पसमधून नोकरी लागली होती. गावात मारुतीच्या देवळासमोर माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फेटा. बोलणाऱ्यांनी सांगितलं की दुष्काळाशी झगडून हा पोरगा इंजिनिअर झाला, याचा आदर्श घ्या. मला भाषण करायला लावलं. मी गुरुजनांचे आभार मानले, आईवडिलांचे मानले, गावाचे मानले. दादा मागं स्पीकरची वायर धरून उभा होता, कारण ती सारखी निसटत होती. मी त्याचं नाव घेतलं नाही. मुद्दाम टाळलं असं नव्हे. आठवलंच नाही. मला वाटतं, मुद्दाम टाळलं असतं तर बरं झालं असतं.

तोवर होडोरचा भाग आठवला की मी स्वतःला त्या मरणावर रडणारा प्रेक्षक समजत होतो. सत्काराच्या रात्री लक्षात आलं की या गोष्टीत माझं काम वेगळं आहे. मी ब्रॅन आहे.

ब्रॅन असण्याची अडचण अशी की त्यानंही काही ठरवून केलेलं नसतं. तो मूल होता, घाबरलेला होता, पायानं अधू होता. मीही काही कुणाला ढकललं नाही. पण दुसऱ्याच्या पाठीवर बसून जो पोचला, त्याला 'मी कुठं मागितलं होतं' एवढं म्हणून सुटता येईल का? उर्सुला ले ग्विन यांची १९७३ सालची ओमेलास नावाच्या शहराची एक कथा आहे. शहर अतिशय सुखी आहे आणि ते सुख तळघरात कोंडलेल्या एका मुलाच्या हालांवर उभं आहे. हे सगळ्यांना माहीत असतं. बहुतेक लोक मन घट्ट करून राहतात. काही थोडे शहर सोडून निघून जातात. कॉलेजात असताना मला ते निघून जाणारे फार मोठे वाटायचे. आता त्यांच्याबद्दल एक शंका येते. त्यांच्या जाण्यानं तळघरातल्या मुलाला काय मिळालं? मीही निघून गेलो होतो, पुण्याला. मनात अपराधी भाव घेऊन. त्या भावानं म्हशीची धार निघत नव्हती.

*

मागच्या वर्षी दिवाळीत दादा आणि मी गाडीवर तेरला गेलो. तेर आमच्या धाराशिव जिल्ह्यातलंच, तेरणेच्या काठावर, गोरोबा काकांचं गाव. दर्शन घेऊन नदीकडं बसलो. बरीच वर्षं पोटात ठेवलेलं मी तिथं काढलं. त्याला होडोरची सगळी गोष्ट सांगितली, मोबाइलवर तो प्रसंग दाखवला आणि म्हणालो, "दादा, मला वाटतं आपल्या घरात तू होडोर आहेस."

"म्हंजे येडा?" तो म्हणाला.

मी घाईघाईनं समजावायला लागलो. तो हसत होता. मग म्हणाला, "ते मेलं ना शेवटी? मी कुठं मेलोय? दोन लेकरं हायेत मला. तीन म्हशी हायेत. ठिबक केलंय औंदा. तू मला मारून टाकायलास आणि वर रडायलास."

मला काही उत्तर सुचलं नाही. थोड्या वेळानं तोच बोलला, गोरोबा काकांविषयी. काका विठ्ठलाच्या नादात चिखल तुडवत होते आणि त्यांचं तान्हं लेकरू त्या चिखलात तुडवलं गेलं, ही गोष्ट आमच्याकडं सगळ्यांना पाठ असते. पुढं पांडुरंगानं लेकरू परत दिलं.

"मला त्या गोष्टीत नेहमी संतीचं वाटतं," दादा म्हणाला. "ती लेकरू नवऱ्याजवळ ठेवून पाण्याला गेलती. पाणी दारात असतं तर ती तिथंच असती. लेकरू वाचलं असतं. देवाला मधी पडायचं कामच न्हाई."

मी इतकी वर्षं नशीब, कर्ता, होकार असल्या गोष्टींचा खल करत होतो. त्यानं गोष्ट सरळ पाण्याच्या अंतरावर आणून ठेवली.

आणि तो जे पहिलं बोलला, तेही मला नंतर नीट समजलं. मी त्याला होडोर म्हणालो तेव्हा मी त्याचं आयुष्य परत एकदा माझ्याच गोष्टीत बसवत होतो. आधी तो माझ्या शिक्षणासाठी दार धरणारा होता. आता माझ्या पश्चात्तापासाठी मरणारा झाला. दोन्ही वेळा लिहिणारा मी आणि वाचणारा मी. क्रूर लेखक शोधायला मी मार्टिनपर्यंत, सटवाईपर्यंत जाऊन आलो होतो. पेन माझ्याही हातात होतंच.

मग मी त्याला आधीच विचारायला पाहिजे होतं ते विचारलं. "तुला काय पाहिजे?"

त्याला विचार करावा लागला नाही. "नऊ वर्षं झाली, दोन रात्रीच्या वर मी बाहेर राहिलो न्हाई. धार कोण काढणार? समुद्र बघायचाय. तुझ्या वहिनीला बी. तू येतोस का, पंधरा दिवस इकडचं बघायला?"

*

पंधरा दिवस जमले नाहीत, बारा जमले. जानेवारीत मी घरून काम करायची परवानगी काढली, आणि दादा, वहिनी आणि मुलं कोकणात गेली. पहाटे पाचला उठून धार काढायची, सहाला दूध संकलन केंद्रावर किटली न्यायची, संध्याकाळी परत तेच. मधल्या वेळेत लॅपटॉप. पहिले तीन दिवस म्हशींनी मला जवळ येऊ दिलं नाही. एक तर पान्हाच चोरायची. मग आप्पा गोठ्यात येऊन बाजेवर बसायचे आणि तिच्याशी बोलत राहायचे, तेव्हा कुठं ती दूध सोडायची.

चौथ्या का पाचव्या पहाटे, मी धार काढत असताना, आप्पा म्हशीशी बोलता बोलता थांबले. मग म्हणाले, "त्या साली मीच ठरवलं हुतं. त्याच्या तोंडानं बोलवून घेतलं, एवढंच."

मी मान वर केली नाही. हात चालू ठेवला.

"तू बारका हुतास," ते म्हणाले.

"अठरा वर्षांचा होतो, आप्पा. मला बोलता येत होतं."

त्यावर ते काही बोलले नाहीत. म्हशीच्या पाठीवर हात फिरवत बसले. आमच्या घरात दहा वर्षं ज्या निर्णयाला नशीब म्हणत होते, त्याच्याखाली त्या पहाटे दोन सह्या झाल्या. त्यानं दादाची पदवी परत येणार नाही. पण त्या दिवशी फोनवर मी हे त्याला सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि म्हणाला, "म्हणला का म्हातारा? बरं झालं."

मग त्यानं विचारलं, "फॅट किती लागली?"

"सहा."

"कमीय. सरकी भिजवून घालतोस का कोरडीच?"

कोरडीच घालत होतो. तो हसला. मागं लाटांचा आवाज येत होता आणि त्याची मुलगी कुणालातरी ओरडून सांगत होती की पाणी खारट आहे.